दोरी वळतात, बाज विणतात

दोन वर्षांपूर्वी पोळ्याला मी पुण्याहून पाचोऱ्याला गेलो होतो. सकाळी बैल धुऊन झाले. शिंगांना रंग लावता लावता काका म्हणाले, "बापू, तुझ्या मशीननं सांगितलं तसंच फवारलं बरं का. पन काही फरक नाही पडला."

ते रागावले नव्हते. मला वाईट वाटू नये म्हणून हसत हसत सांगत होते. त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. तेव्हा आमची टीम शेतकऱ्यांसाठी एक व्हॉइस-बॉट बनवत होती. फोनवर मराठीत विचारायचं आणि मराठीतच उत्तर ऐकायचं. चाचणीसाठी लोक हवे होते, म्हणून मी काकांचा नंबर दिला होता. काकांनी बॉटला विचारलं, "कपाशीचे पानं कोकडून राह्यले, काय करू?" बॉटला 'कोकडणे' माहीत नव्हतं. त्याने जवळचा शब्द शोधला, तो 'वळणे' निघाला. 'वळणे' ज्या खणात होता त्याच खणात 'गुंडाळणे' होता. मग उत्तर आलं ते पाने गुंडाळणाऱ्या अळीवरचं.

कपाशी ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अळी पान गुंडाळते तेव्हा त्याची पुंगळी होते आणि अळी आत बसून पान खाते. पान कोकडतं तेव्हा आत कोणी नसतं. तुडतुडे पानाच्या खालच्या बाजूने रस शोषतात, कडा पिवळ्या पडतात, मग लालसर होतात आणि पान खाली मुडपतं. दोन्हीचं औषध वेगळं. काकांनी अळीचं औषध आणलं, एक दिवस पंप पाठीवर घेऊन फिरले, आणि पुढचे आठ-दहा दिवस तुडतुडे निवांत वाढत राहिले.

शब्दांचं ते टेबल मी स्वतः बनवलं होतं. आमची मूळ माहिती इंग्रजीत होती, म्हणून मी इंग्रजीकडून सुरुवात केली होती. ट्विस्ट, ट्वाइन, ब्रेड, वीव्ह, कॉइल, कर्ल, रोल, रॅप, वाइंड, रीद, एन्सर्कल: अकरा क्रियापदं. सगळ्यांचा अर्थ साधारण 'काहीतरी वाकवून दुसऱ्या कशाच्या तरी भोवती नेणे'. त्यांच्यासमोर मी दोनच मराठी शब्द लिहिले होते, 'वळणे' आणि 'गुंडाळणे'. तेव्हा मला ते नीटनेटकं वाटलं होतं. मराठीत या गोष्टींसाठी फार शब्द नसावेत, असंही कुठेतरी मनात होतं. इंजिनीअरिंगची चार वर्षं इंग्रजीत आणि पुढची नोकरी इंग्रजीत केलेल्या माणसाच्या मनात जे असतं, ते.

त्या पोळ्यानंतर मी हे शब्द शोधायला लागलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

* * *

सगळ्यात आधी मी हे पाहिलं, की सारख्या अर्थाचे शब्द एका खणात टाकायची ही सवय आली कुठून. पीटर मार्क रॉजे हा इंग्लंडमधला डॉक्टर. शब्दांच्या याद्या करायचा त्याला तरुणपणापासून नाद होता. म्हातारपणी, १८५२ साली, त्याने त्या याद्या पुस्तकरूपात छापल्या. त्यात शब्द वर्णक्रमाने नव्हते. जगातल्या सगळ्या कल्पनांचे त्याने सुमारे एक हजार खण केले आणि प्रत्येक खणात त्या कल्पनेचे शब्द भरले. एकमेकांत गुंतण्याचा एक खण, वेटोळ्यांचा एक, वेढण्याचा एक. पुस्तकाला नाव दिलं 'थिसॉरस', म्हणजे खजिना.

आमच्या क्षेत्रात याचा वारस म्हणजे वर्डनेट. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ते काम सुरू केलं. एकाच अर्थाचे शब्द एका गटात आणि गटागटांमध्ये नाती, अशी त्याची रचना. पुढे आयआयटी मुंबईत हिंदी वर्डनेट तयार झालं आणि त्याच्या आधाराने मराठी वर्डनेट. मोठं आणि उपयोगाचं काम आहे, मी ते रोज वापरतो. पण एका भाषेचे खण दुसरीला लावताना काय होतं ते पाहा. हिंदीत रस्सी बटतात आणि लड्डू बांधतात. मराठीत आपण दोरी वळतो, लाडू वळतो, शेवया वळतो, वाती वळतो आणि गुरंही वळतो. हिंदीच्या खणांतून पाहिलं तर मराठी 'वळणे'चे तुकडे होतात. इंग्रजीच्या खणांतून पाहिलं तर मी केलं तसं होतं: सगळं एकाच पोत्यात.

थिसॉरससाठी आपल्याकडे सरळ शब्द नाही, पण 'कोश' आहे, आणि कोशाचाही एक अर्थ खजिना. दुसरा अर्थ रेशीमकिड्याचं घर. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या कादंबरीचं नाव, 'कोसला', याच दुसऱ्या अर्थाचं. किडा स्वतःभोवती धागा गुंडाळत जातो आणि आत बंद होतो. शब्दकोशाचंही असं होऊ शकतं. ते कसं, ते पुढे येईल.

* * *

मराठी क्रियापदं आणि त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द समोरासमोर मांडायचा पहिला मोठा उद्योग दोनशे वर्षांपूर्वी झाला. जेम्स थॉमस मोल्सवर्थ सोळा-सतरा वर्षांचा असताना ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन हिंदुस्थानात आला. १८१८ साली पेशवाई संपली, खानदेशही कंपनीच्या ताब्यात गेला, आणि नव्या राज्यकर्त्यांना कळलं की ज्यांच्याकडून सारा वसूल करायचा त्यांची भाषा आपल्याला येत नाही. १८२५ मध्ये सरकारने कोशाचं काम मोल्सवर्थकडे दिलं. त्याच्याबरोबर थॉमस आणि जॉर्ज हे जुळे कँडी बंधू होते आणि शास्त्र्यांचा एक गट होता.

या शास्त्र्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण १८२९ पासून त्यांचा स्वतःचा मराठी-मराठी 'महाराष्ट्र भाषेचा कोश' छापून आला: जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. दुसरी, वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली, तिच्यात सुमारे साठ हजार शब्द आहेत. लोक त्याला 'मोलेसरशास्त्री' म्हणायचे. पुण्यात १९७५ मध्ये त्या कोशाचं पुनर्मुद्रण झालं आणि आता शिकागो विद्यापीठाच्या साइटवर तो फोनवरही उघडतो. मी तो लोकलमध्ये उभ्याने वाचलाय.

त्यात मी माझे शब्द शोधले. मला वाटलं होतं दोन सापडतील. मी यादी करत गेलो आणि ती संपेना. ती तशी कोरडी न देता, शब्द कुठे वापरतात त्यासकट देतो.

वळणे: वस्तू तळव्याखाली किंवा मुठीत असते आणि हात तिला आकार देतो. वात, शेवई, लाडू, दोरी.

पिळणे: दोन टोकं दोन हातांत, दोन्ही हात उलट दिशांना. ओलं धोतर, कुणाचा तरी कान.

पिरगळणे: सांध्याच्या विरुद्ध, बळाने. हात पिरगळतात.

मुरगळणे: पाय मुरगळतो तेव्हा कोणी दुसरा नसतो, तो आपला आपण मुरगळतो. कोंबडीची मान मात्र कोणीतरी मुरगळावी लागते.

मुरडणे: फक्त कड वळते. करंजीची मुरड, मुरडलेलं नाक.

विणणे: धाग्यांचे दोन संच लागतात, एक ताणलेला आणि एक त्यातून जाणारा.

गुंफणे: वेगवेगळ्या जातीच्या वस्तू, फुलं आणि दोरा.

ओवणे: दोरा वस्तूच्या आतून जातो. मणी ओवतात. 'ओवी' हा शब्दही इथलाच मानतात.

गुंडाळणे: एक पसरट वस्तू दुसरीला झाकते, किंवा स्वतःवरच येते.

वेढणे: भोवती जाणे, आणि आतल्याला बाहेर जायला वाट न ठेवणे. म्हणून किल्ल्याला वेढा.

विळखा: वेढ्यासारखाच, पण आवळत जाणारा. अजगराचा विळखा. आमच्याकडच्या पेपरांत हा शब्द बहुतेक वेळा 'कर्जाचा' या शब्दानंतर येतो.

मी दोन शब्द लिहिले होते. प्रश्न नुसता संख्येचा नाही. इंग्रजीत एकाच खणात बसणारे हे शब्द मराठीत काही प्रश्नांनी वेगळे होतात. वस्तू एक की दोन? टोकं कोणाच्या हातात? आत कोणी अडकलंय का? स्वतःहून झालं की कोणी केलं? काकांचं पान आणि अळीचं पान यांतला फरक नेमका या तिसऱ्या प्रश्नाचा होता. काकांनी शब्द अचूक वापरला होता. निदान त्या शब्दातच होतं.

* * *

इथे मला एक अडचण दिसली. क्रमवंत, घगवे, फडके हे संस्कृत शिकलेले पंडित होते. यांपैकी कोणी मागावर बसलं असेल, मांडीवर वाख घेऊन दोर वळला असेल, असं वाटत नाही. विणकाम साळी आणि कोष्टी करायचे. कापूस पिंजारी पिंजायचे. नाडे, कासरे, दावी, मोटेचे दोर वळण्याचं काम बलुत्यात मातंग समाजाकडे होतं. म्हणजे 'पीळ' कोशात गेला तो कुणाच्या तरी तोंडून ऐकून. शास्त्र्यांची नावं उरली, मोल्सवर्थचं नाव उरलं, ज्यांचे ते शब्द होते त्यांची नावं उरली नाहीत. कोशाच्या आत धागा राहिला, धागा काढणारा बाहेर.

आणि याच काळात हे शब्द वापरणाऱ्यांचं काम जात होतं. खानदेश हा कापडाचा मुलूख होता. बुऱ्हाणपूरचं तलम कापड सतराव्या शतकात इराण-तुर्कस्तानपर्यंत जायचं, फ्रेंच प्रवासी ताव्हर्नियेने ते लिहून ठेवलंय. पाचोऱ्यापासून फार लांब नसलेल्या धरणगावात इंग्रजांनी वखार घातली होती, ती कापड विकत घेण्यासाठी. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत वारं उलटं फिरलं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मँचेस्टरचं यंत्रावरचं सूत आणि कापड इकडे यायला लागलं. आधी कातणाऱ्या बायकांचं काम गेलं, मग विणणाऱ्यांचं कमी होत गेलं. मोल्सवर्थच्या कोशाच्या दोन आवृत्त्या, १८३१ आणि १८५७, नेमक्या या काळातल्या आहेत. कातणे-विणण्याचे बारीकसारीक शब्द ज्या राजवटीने छापून ठेवले, तिच्याच व्यापाराने ते शब्द रोज तोंडात असणारी माणसं कमी केली. मोल्सवर्थने हे केलं असं मी म्हणत नाही. तो भाविक माणूस होता, सैन्यातली नोकरी त्याने मनाला पटेना म्हणून सोडली. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथल्या दक्षिणेतला कापूस अडकला, आणि लँकाशायरच्या गिरण्यांना दुसरीकडून कापूस हवा झाला. मुंबईत कापसाचे भाव आकाशाला भिडले. त्याच दशकात जीआयपी रेल्वे खानदेशातून भुसावळकडे गेली, पाचोरा त्याच रुळांवर आहे. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पण रूळ राहिले आणि कापसाचं पीकही राहिलं. पुढे जागोजाग जिनिंग-प्रेसिंग आले. आमच्याकडे नुसतं 'जीन' म्हणतात. जळगावला गिरणी निघाली, अमळनेरला प्रताप मिल निघाली, पण बहुतेक कापूस गठाणी होऊन बाहेरच गेला. पाचोरा ते जामनेर अरुंद रुळांवरची छोटी गाडी, आमची 'पीजे', शंभर वर्षं धावली. तीही कापसाच्या मुलखातूनच जायची. लॉकडाउनमध्ये थांबली ती थांबलीच.

शब्दांच्या बाजूने पाहिलं तर झालं असं. कापसाच्या बोंडापासून धोतरापर्यंत क्रियापदांची एक लांब ओळ होती. वेचायचा, चरकीवर सरकी काढायची, पिंजायचा, पेळू करायचे, कातायचं, पीळ द्यायचा, ताणा लावायचा, विणायचं. आता शेतकऱ्याच्या हातात पहिलं क्रियापद राहिलं, वेचणे. त्यानंतर एकदम विकणे. मधली सगळी क्रियापदं रेल्वेने गेली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, आणि तेही आमच्याच जिल्ह्यात. तिथे खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं. गांधी चरखा हातात देत होते त्याचा राजकीय अर्थ आपण शाळेत शिकतो. मला आता तो असाही दिसतो: मधलं एक क्रियापद परत आणायचा प्रयत्न.

* * *

पोळ्याच्याच दिवशी दुपारी मी आजीजवळ बसलो होतो. ती फुलवाती करत होती. चातुर्मासात तिच्या वाती चालूच असतात. आमच्या घरात तीन पिढ्या कापूस पिकतो, पण कापसाला हात लावून त्याचं काही केलं जातं ते एवढंच, आजीच्या वाती. मी सहज विचारलं, "आजी, दोरी विणतात की गुंडाळतात?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नेमकं काय शिकलो असं तिला वाटलं असावं.

"दोरी वयतात. इनतात ती बाज. गुंडायतात पोत्याले. हे येगयं, ते येगयं."

आमच्याकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो. काळा म्हणजे काया, डोळे म्हणजे डोये. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी ज्यांनी वाचलीत त्यांच्या ओळखीचं आहे हे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि इतरांनी ती गाणी लिहून घेतली, आणि त्या गेल्यावर १९५२ मध्ये ती छापली गेली. कोणी लिहून घेतलं नसतं तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती.

आता हे बॉटच्या बाजूने पाहा. आजी 'वयतात' म्हणाली तर यंत्र 'वय' ऐकतं, म्हणजे किती वर्षांची ते. आधी यंत्राला 'वळणे'चे अर्थ नीट माहीत नाहीत, त्यात आजीचं 'वयणे' त्याच्यापर्यंत पोचतच नाही. गंमत अशी, की संस्कृतात 'वय्' हे खरोखरच विणण्याचं रूप आहे, 'वयति' म्हणजे 'विणतो'. आजीच्या 'वयतात'चा त्याच्याशी संबंध नाही, ते साधं 'वळतात'च आहे. दोन आवाज योगायोगाने एका जागी आलेत. मला क्षणभर मोह झाला होता तो संबंध जोडायचा. बोलीला संस्कृतची पावती मिळाली की तिला मान मिळतो, असं आपल्याला शिकवलेलं असतं. तिला पावतीची गरज नाही. आजीने दोरी, बाज आणि पोतं तीन वाक्यांत वेगळं केलं, ते माझ्या टेबलला जमलं नव्हतं.

खानदेशच्या बोलींना खण लावायचा प्रश्न जुना आहे. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात, १९०७ च्या खंडात, 'खानदेशी' भिल्ली भाषांबरोबर ठेवली गेली. ती मराठीची की गुजरातीजवळची, यावर पुढे वाद झाले. दाते आणि कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने १९३२ पासून बोलींतले शब्दही घेतले, ते फार मोठं काम होतं. पण बोलणारा माणूस खण पाहून बोलत नाही.

मग आजीने दाखवलं. जुनी सुताची गुंडी घेतली, दोन पदर केले. आधी प्रत्येक पदर मांडीवर तळव्याने पुढे लोटून पीळ दिला. मग दोन्ही पदर जवळ धरून हात मागे ओढला. दोन्ही एकमेकांभोवती आपोआप फिरले आणि दोरी झाली. सोडली तरी सुटली नाही.

यातलं विज्ञान मी रात्री वाचलं. पदरांना पीळ एका दिशेने देतात आणि पदर एकत्र करताना उलट दिशेने. प्रत्येक पदर उलगडायला बघतो, पण तो उलगडायला लागला की दोन पदरांमधला पीळ घट्ट होतो. एकमेकांना सुटू न देणारे दोन उलटे पीळ म्हणजे दोरी. कापसाच्या तंतूतही मुळात पीळ असतो. बोंड उमलून तंतू वाळला की तो चपटा होतो आणि स्वतःभोवती वळतो. म्हणून कापूस कातता येतो, तंतू एकमेकांत अडकतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी लहानपणापासून हट्टी माणसांबद्दल ऐकत आलो. ती दोर वळणाऱ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे, हे तेव्हा कळलं.

* * *

यानंतर मला सगळीकडे धागे दिसायला लागले. काही दिवस तर ऑफिसात लोक कंटाळले होते.

इंग्रजी ट्विस्ट आणि ट्वाइन या दोन्हींच्या पोटात 'टू' आहे, दोन. दोन पदर असल्याशिवाय पीळ नाही. संस्कृत 'गुण' म्हणजे मुळात दोरीचा पदर. द्विगुण म्हणजे दोन पदरी, त्रिगुण म्हणजे तीन पदरी. तिथून 'दुप्पट', 'तिप्पट', आणि तिथूनच शाळेतला गुणाकार. मी आयुष्यभर करत आलेला गुणाकार दोरी वळणाऱ्याच्या हातातून आलाय.

'ग्रंथ' गाठ मारण्यातून, 'सूत्र' सुतातून, 'निबंध' बांधण्यातून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये मासिक काढलं त्याचं नाव 'निबंधमाला', म्हणजे बांधणं आणि ओवणं दोन्ही. 'तंत्र' हा शब्द ताणण्याच्या धातूतून येतो, त्याचा एक जुना अर्थ माग किंवा मागावरचा ताणा. म्हणजे 'तंत्रज्ञान'ही. 'ओतप्रोत' आपण 'भरून वाहणारं' अशा अर्थाने वापरतो, पण मुळात तो विणण्यातला शब्द आहे, आडवं-उभं विणलेलं. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, की हे सगळं पाण्यात ओतप्रोत विणलेलं असेल, तर पाणी कशात विणलेलं आहे? आणि ती विचारत जाते, थांबत नाही, शेवटी तोच तिला थांबवतो. सभेत प्रश्न विचारणाऱ्या बाईने उदाहरण घेतलं ते मागाचं.

माझ्या धंद्यातही तेच. थ्रेड, स्ट्रिंग, वेब, रॅपर, लूप. हे शब्द नुसते अलंकार नाहीत. फ्रान्समध्ये जाकारच्या मागावर नक्षी कशी विणायची ते भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर लिहिलेलं असायचं, ती कल्पना पुढे गणनयंत्रांत आली. अपोलो यानाला चंद्रावर नेणाऱ्या संगणकाचा प्रोग्राम तर अक्षरशः ओवलेला होता. तार चुंबकीय कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. अमेरिकेतल्या कारखान्यात बायका सुईने ती तार ओवत बसायच्या. बारकाईने पाहिलं तर ते वीव्ह नाही, ओवणे आहे. आमच्या शब्दाने जास्त नेमकं सांगता येतं.

हे सगळं आनंदाचं होतं, पण त्याचा एक धोका मला जाणवला. 'गुण' आणि 'तंत्र' यांच्या गोष्टी सांगितल्या की लोक खूश होतात, मीही होतो. दिवाणखान्यात बसून भाषेचा अभिमान वाटून घ्यायला त्या चांगल्या आहेत. काकांच्या कपाशीला त्यांचा काही उपयोग नव्हता. तिथे लागत होता तो एक साधा शब्द, 'कोकडणे', जो मी लहानपणी शंभर वेळा ऐकला होता आणि टेबल बनवताना मला आठवला नव्हता. तो कोशात नव्हता म्हणून चूक झाली असं नाही. तो माझ्यात होता आणि मी इंग्रजीकडून सुरुवात केल्यामुळे त्याच्यापर्यंत गेलोच नाही.

* * *

ऑफिसात परत आल्यावर मी टेबल मोडलं. मॅनेजरला सांगितलं, चूक माझी होती, दोन आठवडे लागतील. पाच लागले. या वेळी इंग्रजीऐवजी पानापासून सुरुवात केली. पान कसकसं होतं, याचे फोटो काकांकडून आणि त्यांच्या ओळखीच्या पंधरा-वीस शेतकऱ्यांकडून मागवले, आणि प्रत्येकाला एकच विचारलं: याला तुम्ही काय म्हणता? कोकडलं, बोकडलं, मुरडलं, चुरडामुरडा झाला, आकसलं, सुकडलं, पुंगळी झाली. मिरचीचं वेगळं, कपाशीचं वेगळं. आवाजही घेतले, 'ळ'चे आणि 'य'चे दोन्ही. शब्दासमोर तो सांगणाऱ्याचं गाव लिहिलं, आणि त्यांना विचारून नावही. कंपनीला त्या रकान्याचा काही उपयोग नाही. एकाने विचारलंही, हा डेटा कशाला? मी म्हटलं, राहू दे.

बॉट अजून चुकतो. पण 'कोकडले' म्हटल्यावर आता तो आधी विचारतो, "पान उलगडून पाहा, आत अळी आहे का?" हा प्रश्न आम्ही काकांकडूनच घेतला.

यंदा पोळ्याला गेलो तेव्हा बैलांच्या नव्या म्होरक्या आणि कासरे बाजारातून आणले होते, नायलॉनचे, भडक पिवळे. आजीला ते आवडत नाहीत, बैलाच्या नाकाला काचतं म्हणते. तिने एका बैलापुरती सुताची वेसण केली होती. डोळ्यांना आता कमी दिसतं, पण दोरीला डोळे लागत नाहीत, असं तिचं म्हणणं. मी फोनवर तिचा व्हिडिओ घेतला. मग तिने फोन बाजूला ठेवायला लावला आणि सुताचे दोन पदर माझ्या हातात दिले.

माझी दोरी तीनदा सुटली. मी दोन्ही पीळ एकाच दिशेने देत होतो.